अठरा धावांचे गणित

साखळी पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक संघ ठरावीक सामने खेळतो, विजयागणिक गुण मिळवतो आणि अखेरीस गुणतालिकेत वर राहिलेल्या मोजक्या संघांनाच प्ले-ऑफ म्हणजे बाद फेरीत प्रवेश मिळतो. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचा पाठीराखा आणि हंगामाच्या अखेरचा पाठीराखा ही जणू दोन वेगळी माणसे असतात. सुरुवातीला तो खेळ पाहतो, अखेरीस हिशेब मांडतो. आपला संघ जिंकून भागत नाही, तिसऱ्याच कुणी चौथ्याला हरवावे लागते, तेही पुरेशा फरकाने. आणि ज्या संघाचे नावही एरवी काढवत नाही, त्याच्यासाठी एका रात्रीपुरते देव पाण्यात ठेवावे लागतात. हंगामाच्या अखेरीचे हे नाट्य जगभर सारखेच असले, तरी ज्या प्रदेशात कोणता संघ आपला हाच प्रश्न सरळ सुटत नाही, तेथे ते अधिक उघडपणे पाहता येते. बेळगाव ते निपाणी हा सीमाभागाचा पट्टा आणि त्यातले काकती हे गाव या दृष्टीने लक्ष देण्याजोगे आहे.

या प्रकाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत दीर्घ रूप अमेरिकेतील बेसबॉलमध्ये आढळते. मेजर लीग बेसबॉलमधील ३० संघांपैकी प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो; मार्चच्या अखेरीस सुरू झालेला हा हंगाम सप्टेंबर सरताना संपतो आणि २०२२पासून १२ संघ बाद फेरीत जातात. बाद फेरीतही एका सामन्यावर निकाल लावला जात नाही: आधी तीन सामन्यांची, मग पाचांची आणि शेवटी सातांची मालिका होते. याचे कारण त्या खेळाच्या स्वभावात आहे. बेसबॉलच्या एका सामन्यात दैवाचा वाटा इतका मोठा असतो, की अव्वल ठरलेला संघसुद्धा वर्षाकाठी साठेक सामने सहज हरतो. म्हणून कोण खरोखर चांगला हे कळण्यासाठी सामन्यांची संख्याच वाढवावी लागते. त्या खेळातील पाठीराख्यांची चिकाटीही त्याच मापाची असते. शिकागोच्या कब्स संघाने १९०८मध्ये जिंकलेले विजेतेपद त्यानंतर थेट २०१६मध्ये पुन्हा मिळवले, म्हणजे मधल्या १०८ वर्षांत पाठीराख्यांच्या काही पिढ्या विजय न पाहताच संपल्या. बॉस्टनच्या रेड सॉक्सना १९१८नंतर २००४पर्यंत थांबावे लागले.

इंडियन प्रीमियर लीगचे, म्हणजे आयपीएलचे, प्रमाण याच्या अगदी उलट आहे. येथे एका संघाच्या वाट्याला साखळीत अवघे १४ सामने येतात, विजयाला दोन गुण, पावसाने वाया गेलेल्या सामन्याला एक गुण मिळतो, आणि २०२२पासून दहा संघांतून चारच पुढे जातात. बाद फेरीची सध्याची रचना २०११पासूनची आहे: पहिला व दुसरा संघ यांच्यातील विजेता थेट अंतिम फेरीत जातो, तिसरा व चौथा यांच्यातील पराभूत घरी जातो, आणि वरच्या जोडीतील पराभूताची गाठ खालच्या जोडीतील विजेत्याशी पडून अंतिम फेरीतला दुसरा संघ ठरतो. म्हणजे पहिल्या दोघांना चुकण्याची एक मुभा असते, उरलेल्या दोघांना ती नसते. चौदा सामन्यांच्या अल्प हंगामात अनेक संघ सारख्याच गुणांवर येऊन थांबणे अटळ असते. २०१९मध्ये हैदराबादचा संघ अवघ्या १२ गुणांवर चौथा आला, तर २०२४मध्ये चार संघ १४ गुणांवर थांबले आणि त्यांतला एकच पुढे गेला. बेसबॉलमध्ये दोन संघांचे विजय समान झाल्यास पूर्वी एक जादा सामना खेळवत असत, आता त्या दोन संघांच्या आपसांतील लढतींचा निकाल पाहतात. क्रिकेटने वेगळा मार्ग पत्करला आहे. त्याचे नाव नेट रनरेट, म्हणजे निव्वळ धावगती.

निव्वळ धावगती काढण्यासाठी संघाने हंगामात काढलेल्या एकूण धावांना त्याने खेळलेल्या षटकांनी भागतात, दिलेल्या धावांना टाकलेल्या षटकांनी भागतात आणि पहिल्या संख्येतून दुसरी वजा करतात. यात एक मेख आहे. एखादा संघ बारा षटकांत सर्वबाद झाला, तरी त्याच्या नावावर पूर्ण वीस षटके मांडली जातात, त्यामुळे लवकर कोसळण्याची शिक्षा दुहेरी होते. उलट सोपे लक्ष्य झटपट गाठणाऱ्याला कमी षटकांचा लाभ होतो. समीक्षकांना या पद्धतीला नावे ठेवण्याची सवय आहे, आणि ती सर्वस्वी गैर नाही, कारण किती गडी शिल्लक राखून सामना जिंकला याची ती दखलच घेत नाही. तरीही तिचा एक गुण मान्य करावा लागतो: पहिल्या सामन्यातील निष्काळजीपणाही ती विसरत नाही.

बेळगाव शहराच्या उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेले काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून कर्नाटकात सर्वश्रुत आहे. गावात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा चालतात, आणि अनेकांच्या तोंडी दोन्ही सारख्याच सहजतेने येतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचा वाद महाराष्ट्राने २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. क्रिकेटचा नकाशाही राज्याच्या हद्दीप्रमाणेच आखलेला असल्यामुळे निपाणीच्या मुलाला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर असूनही रणजी करंडकाची वाट कर्नाटकच्या क्रिकेट संघटनेतूनच शोधावी लागते. बेळगावचा वेगवान गोलंदाज रोनित मोरे याच वाटेने कर्नाटकाच्या संघात पोहोचला.

या भागातील मराठी प्रेक्षकाची खरी पंचाईत २०१४च्या आरंभी झाली असावी, कारण त्या मोसमातील रणजी करंडकाचा अंतिम सामना कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातच हैदराबादेत खेळला गेला. महाराष्ट्राच्या केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा काढल्या होत्या आणि संघ बऱ्याच वर्षांनी अंतिम फेरीत आला होता. समोर विनय कुमारच्या नेतृत्वाखालचा कर्नाटकचा बलाढ्य संघ होता. कर्नाटकने सात गडी राखून करंडक जिंकला. भाषेने एकीकडे आणि पत्त्याने दुसरीकडे असलेल्या माणसाने अशा वेळी कोणाच्या बाजूने बसावे, याचे उत्तर सीमावादाच्या चळवळीच्या व्यासपीठावर सोपे असते, सामना पाहताना ते तितके सोपे राहत नाही. आपल्या जिल्ह्याच्या मैदानांवर खेळलेला गोलंदाज धावत येताना दिसला, की मन परस्पर ठरवून मोकळे होते.

आयपीएलने हा पेच सोडवला नाही, वाढवला मात्र. येथे राज्यांपेक्षा शहरेच अधिक आहेत, आणि शहरांची नावेही भांडवलदारांनी लिलावात घेतलेली आहेत. सीमाभागातील प्रेक्षकापुढे २००८पासून एका बाजूला मुंबई इंडियन्स, दुसऱ्या बाजूला बंगळूरचा रॉयल चॅलेंजर्स म्हणजे आरसीबी असे दोन सरळ पर्याय होते. धोनीमुळे चेन्नई हा तिसरा आला. पुण्याच्या नावाचे दोन संघ आले आणि विरले. त्यांतल्या दुसऱ्याने २०१७चा अंतिम सामना मुंबईविरुद्ध एका धावेने गमावला आणि त्यानंतर तो संघच अस्तित्वात राहिला नाही. मुंबईने पाच विजेतेपदे मिळवली असल्याने तिच्याकडे ओढा असणे समजण्यासारखे आहे. आरसीबीकडे दाखवण्यासारखे काहीच नसताना तिच्यामागे इतकी माणसे का राहिली, हे समजून घेणे अधिक बोधक आहे. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, १८ एप्रिल २००८ रोजी, हा संघ स्वतःच्या मैदानावर कोलकात्याकडून १४० धावांनी हरला. पुढे २००९मध्ये डेक्कन चार्जर्सकडून सहा धावांनी, २०११मध्ये चेन्नईकडून आणि २०१६मध्ये घरच्याच मैदानावर हैदराबादकडून आठ धावांनी, असे तीन अंतिम सामने त्याने गमावले. यंदा करंडक आपलाच, या अर्थाची कन्नड घोषणा दर वर्षी नव्याने दिली जाई आणि मे महिन्यात तिचीच टिंगल होई. या टिंगलीत मुंबईचे मराठी पाठीराखे आघाडीवर असत, हे वेगळे सांगायला नको.

याच दोन गटांना दोन वर्षे लागोपाठ एकमेकांच्या दारात उभे राहावे लागले, आणि योगायोगाने दोन्ही वेळी तारीख २१ मे हीच होती. २०२२मध्ये आरसीबीचे साखळी सामने संपले तेव्हा तिचे १६ गुण झाले होते, पण निव्वळ धावगती उणे होती. दिल्लीने शेवटचा सामना जिंकला असता तर तिचेही १६ गुण होऊन धावगतीच्या बळावर ती पुढे गेली असती. दिल्लीची गाठ मुंबईशी होती आणि मुंबई आधीच स्पर्धेबाहेर पडलेली होती. आरसीबीने त्या दिवशी समाजमाध्यमांवरील आपले बोधचिन्हच मुंबईच्या निळ्या रंगात रंगवले. वानखेडेवर मुंबई अडचणीत असताना टिम डेव्हिड फलंदाजीला आला, शार्दुल ठाकूरच्या पहिल्याच चेंडूला त्याच्या बॅटची कड लागून झेल यष्टीमागे गेला, पंचांनी नाबाद दिले आणि दिल्लीचा कर्णधार ऋषभ पंतने तिसऱ्या पंचांकडे दाद मागितली नाही. डेव्हिडने पुढे ११ चेंडूंत ३४ धावा केल्या, मुंबई जिंकली आणि आरसीबी चौथी आली. संघाने स्वतः एकही चेंडू न खेळता मिळवलेला हा प्रवेश हंगामाच्या अखेरीचे मर्म सांगणारा आहे, कारण त्यात एका परक्या कर्णधाराने न मागितलेल्या दादीइतके निर्णायक दुसरे काही नव्हते.

पुढच्या वर्षी, २०२३च्या २१ मे रोजी, फासे उलटे पडले. दुपारी मुंबईने हैदराबादला हरवून १६ गुण केले, पण बंगळूरला रात्री आरसीबीने गुजरातला हरवले असते तर मुंबई बाहेर गेली असती. विराट कोहलीने नाबाद १०१ धावा केल्या, उत्तरादाखल शुभमन गिलने नाबाद १०४ केल्या. गुजरात जिंकले, मुंबई पुढे गेली. त्याच हंगामात सीमाभागाला विशेष आवडावा असा एक प्रसंग घडला. जिओसिनेमाने त्या वर्षी आयपीएलचे समालोचन मराठी आणि कन्नडसह बारा भाषांत देऊ केले होते, मराठी समालोचकांत केदार जाधव होता, आणि मे महिन्याच्या आरंभी आरसीबीने जखमी डेव्हिड विलीच्या जागी त्यालाच संघात बोलावून घेतले. समालोचनाच्या खुर्चीतून उठून थेट खेळाडूंच्या कक्षात जाण्याची अशी संधी क्वचितच कुणाला मिळते.

प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातील अठरा धावांचा सामना २०२४चा आहे, आणि अखेरीच्या हिशेबाचे इतके नितळ उदाहरण अलीकडे दुसरे नाही. त्या हंगामात पहिल्या आठ सामन्यांपैकी सात आरसीबी हरली होती. तेथून सलग पाच विजय मिळवून १८ मे रोजी ती चेन्नईसमोर उभी राहिली, तेव्हा तिचे १२ आणि चेन्नईचे १४ गुण होते. नुसते जिंकून चालणार नव्हते, प्रथम फलंदाजी करून दोनशेच्या आसपास धावा केल्यास किमान अठरा धावांनी जिंकणे भाग होते. बंगळूरला पाऊस डोकावून गेला. आरसीबीने २१८ धावा केल्या, म्हणजे चेन्नईला सामना जिंकण्यासाठी २१९ हव्या होत्या, पण बाद फेरी गाठण्यासाठी २०१ पुरेशा होत्या. एकाच डावाला अशी दोन लक्ष्ये होती. चेन्नईचा कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड पहिल्याच चेंडूवर बाद झाला. शेवटच्या षटकात चेन्नईला सामन्यासाठी ३५ आणि प्रवेशासाठी १७ धावा हव्या होत्या, समोर धोनी होता, आणि चेंडू यश दयालच्या हातात होता. वर्षभरापूर्वी गुजरातकडून खेळताना याच दयालला रिंकू सिंहने अखेरच्या षटकात लागोपाठ पाच षटकार मारले होते.

दयालचा पहिला चेंडू धोनीने मैदानाबाहेर भिरकावला. उरले पाच चेंडू आणि अकरा धावा. दुसऱ्या चेंडूवर दयालने वेग कमी केला आणि धोनी सीमारेषेजवळ झेल देऊन परतला. तिसऱ्या चेंडूवर धाव निघाली नाही, चौथ्यावर एक निघाली, आणि शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा हव्या असताना रवींद्र जडेजाची बॅट दोन्ही वेळा हवेतून फिरली. चेन्नईच्या १९१ धावा झाल्या. तालिकेत आरसीबीची निव्वळ धावगती ०.४५९, तर चेन्नईची ०.३९२ नोंदली गेली. हा ०.०६७चा फरक पाहून दोन संघांमध्ये केसाएवढे अंतर होते असे वाटते, पण त्याचा उलगडा सोपा आहे. चौदा सामन्यांची मिळून सुमारे २८० षटके होतात, म्हणून दहा धावा इकडच्या तिकडे झाल्यास एका संघाची धावगती साधारण ०.०३६ने हलते, आणि हे दोन संघ एकमेकांविरुद्धच खेळत असल्यामुळे एकाची वर जाताना दुसऱ्याची तितकीच खाली येते. चेन्नई बाद फेरीपासून ज्या दहा धावांनी दूर राहिली, त्या दहा धावाच तालिकेत ०.०७च्या आसपास दिसतात. हे गणित शाळेत सातवी-आठवीला शिकवलेल्या सरासरीपलीकडचे नाही. तरी एरवी गणिताला घाबरणारी मुलेही मे महिन्यात ते तोंडी करतात, याकडे शिक्षकांचे लक्ष जायला हरकत नाही.

या विजयानंतर शहरभर झालेला जल्लोष अनेकांना अस्थानी वाटला, आणि चार दिवसांनी अहमदाबादेत राजस्थानने आरसीबीला चार गडी राखून हरवले तेव्हा टीकाकारांना आयताच मुद्दा मिळाला. तथापि पाठीराख्याच्या बाजूने पाहिले तर तो जल्लोष गैर नव्हता. आठ सामन्यांनंतर ज्याचा हंगाम संपल्यात जमा होता, त्याला आणखी महिनाभर दर सामन्यागणिक उद्याचा विचार करायला मिळाला. चार संघांची ही बाद फेरी हेच तर देऊ करते: करंडक एकालाच मिळतो, पण आशा मात्र सातआठ संघांच्या माणसांना मेच्या मध्यापर्यंत पुरते.

संघ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न २०२५च्या हंगामाआधी आणखी टोकदार झाला. नोव्हेंबर २०२४मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे मोठा लिलाव झाला आणि त्याआधी आरसीबीने कोहली, रजत पाटीदार व यश दयाल या तिघांनाच राखून ठेवले. बाकीचा संघ जवळजवळ नव्याने जमवला. पाटीदार कर्णधार झाला. २०२२च्या लिलावात त्याला कुणीही घेतले नव्हते, कुणाच्या तरी जागी तो मागाहून आला होता आणि बाद फेरीत लखनौविरुद्ध त्याने नाबाद ११२ धावा केल्या होत्या. मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षामुळे स्पर्धा आठवडाभर थांबली, पुन्हा सुरू झाली तेव्हा बंगळूरचा सामना पावसात वाहून गेला आणि पहिल्या दोघांत येण्यासाठी लखनौविरुद्धचा शेवटचा साखळी सामना जिंकणे आवश्यक झाले. लखनौने २२७ धावा केल्या. पाटीदार पूर्ण तंदुरुस्त नसल्याने त्या दिवशी नेतृत्व अमरावतीच्या जितेश शर्माकडे होते. विदर्भातून आलेल्या या यष्टीरक्षकाने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून आठ चेंडू बाकी असताना सामना जिंकला. पंजाब आणि आरसीबी दोघांचे १९ गुण झाले आणि वर सांगितलेली चुकण्याची मुभा आरसीबीच्या पदरात पडली. तिला ती वापरावीच लागली नाही: २९ मे रोजी मुल्लांपूरला पंजाब १०१ धावांत आटोपले आणि आरसीबीने दहा षटकांत सामना संपवला. मुभा वापरली ती पंजाबने, मुंबईच्या २०३ धावा श्रेयस अय्यरच्या नाबाद ८७ धावांच्या जोरावर ओलांडून. अहमदाबादेत ३ जून रोजी आरसीबीने १९० धावा केल्या, पंजाब १८४वर थांबले, आणि २००९चा अंतिम सामना ज्या सहा धावांनी गेला होता त्याच फरकाने अठराव्या हंगामात करंडक आला.

दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाला जमलेल्या अफाट गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. प्रेक्षकाच्या निष्ठेवर चालणाऱ्या या व्यवसायात प्रेक्षकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कुणाची, यावर त्यानंतर सरकार, पोलीस, संघटना आणि संघचालक यांच्यात जे तू-तू मैं-मैं चालले, त्यावरून या व्यवहारात प्रेक्षकाचे स्थान काय आहे याची कल्पना येते.

ते स्थान बेळगावला त्याआधीच कळून चुकले होते. कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेने २००९मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग सुरू केली तेव्हा तिच्यात बेळगावच्या नावाचा पँथर्स हा संघ होता. सप्टेंबर २०१७मध्ये पँथर्सने अंतिम सामन्यात विजापूर बुल्सला हरवून विजेतेपद मिळवले. बंगळूर, म्हैसूर आणि हुबळीच्या मानाने नेहमी मागे राहिलेल्या जिल्ह्याच्या नावावर राज्याचा करंडक लागला, आणि त्या नावाला मराठी-कन्नड असा भेद नव्हता. काकतीच्या दोन्ही भाषिकांना एकाच बाजूने बसण्याची सोय करणारा तो कदाचित एकमेव संघ होता. शहराच्या ऑटोनगर भागात संघटनेचे प्रशस्त मैदानही होते. जून २०१९मध्ये याच मैदानावर भारत अ संघाकडून श्रीलंका अ विरुद्ध ऋतुराज गायकवाडने नाबाद १८७ धावा केल्या होत्या. तेव्हा त्याचे नाव महाराष्ट्राबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पँथर्सच्या मालकाला सट्टेबाजी आणि सामन्यांच्या निकालनिश्चितीच्या आरोपांवरून बंगळूर पोलिसांनी अटक केली व संघटनेने संघ निलंबित केला. चौकशी इतर संघांपर्यंत पोहोचली, नावाजलेल्या खेळाडूंना अटक झाली आणि स्पर्धाच बंद पडली. पुढे या प्रकरणातील आरोपींच्या याचिकांवर जानेवारी २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, तो कायद्याच्या अभ्यासकांइतकाच प्रेक्षकांनीही समजून घेण्याजोगा आहे. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या ४२०व्या कलमाखाली फसवणूक सिद्ध होण्यासाठी कुणाला तरी अप्रामाणिकपणे भुलवून त्याची मालमत्ता काढून घेतलेली असावी लागे. निकालनिश्चितीमुळे खेळावर प्रेम करणाऱ्यांची फसवणूक झाली अशी सर्वसाधारण भावना निर्माण होईल हे न्यायालयाने मान्य केले. परंतु तिकीट प्रेक्षक आपखुशीने काढतो, म्हणून अशा भावनेतून या कलमाखालचा गुन्हा उभा राहत नाही, आणि खेळाडूच्या अप्रामाणिकपणाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार क्रिकेट नियामक मंडळाचा आहे, असे सांगून आरोपपत्र रद्द केले.

कायद्याचा हा अर्थ काटेकोर आहे आणि दंड संहितेची शब्दरचना पाहता न्यायालयाला दुसरीकडे वळायला फारशी जागाही नव्हती. पण त्यातून निघणारे सत्य बोचरे आहे. ज्याने हंगामभर गुणतालिका पाठ केली, रात्ररात्र जागून काढल्या, शेजाऱ्याशी वाद घातला, त्याचे संघावर कोणतेही स्वामित्व नसते. त्याने गुंतवलेला वेळ ही मालमत्ता नव्हे. संघ मालकाचा, स्पर्धा संघटनेची, प्रक्षेपण कंपनीचे. संघाचे नाव तेवढे गावाचे असते, आणि तेही गावाला न विचारता घेतलेले असते.

राज्यस्तरीय स्पर्धा २०२२मध्ये महाराजा ट्रॉफी या नावाने पुन्हा उभी राहिली. तिच्यातील सहा संघ बंगळूर, म्हैसूर, हुबळी, गुलबर्गा, मंगळूर आणि शिवमोगा यांचे आहेत, बेळगाव नाही. भूगोलाने जवळचा म्हणून हुबळी टायगर्स बेळगावकरांना आपला मानता येतो, आणि २०२३मध्ये त्या संघाने विजेतेपदही मिळवले. निपाणी-काकतीच्या मराठी प्रेक्षकासमोर मात्र २०२३च्या जूनपासून आणखी एक दार उघडले आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने गहुंजे येथे महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली आणि तिच्यात कोल्हापूर टस्कर्स हा संघ आला. त्याचा कर्णधार होता केदार जाधव, म्हणजे रणजीच्या त्या अंतिम सामन्यात कर्नाटकविरुद्ध खेळलेला, मराठीत समालोचन केलेला आणि महिन्याभरापूर्वीच आरसीबीच्या लाल पोशाखात असलेला तोच खेळाडू.

कोल्हापूर पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोहोचले. समोर रत्नागिरी जेट्स होते, जूनचा शेवट होता आणि पुण्यात जूनच्या शेवटी जे व्हायचे तेच झाले: पावसाने अंतिम सामना राखीव दिवसावर ढकलला, त्या दिवशी कोल्हापूरची फलंदाजी सुरू असतानाच पाऊस पुन्हा आला आणि सामना पूर्ण होऊ शकला नाही. नियमाप्रमाणे साखळीत अग्रस्थानी राहिलेल्या रत्नागिरीला विजेता घोषित करण्यात आले.